बावीस वर्षांचा जॅझ

ते साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या इमारतीला लिफ्ट बसली आणि त्याच वर्षी यांचे पुढचे चार दात गेले. आधी लिफ्ट बसली, मग दात गेले, आणि मधल्या सहा आठवड्यांत आम्ही जॅझची रेकॉर्ड काढली. आमच्यासारख्या माणसांनी, म्हणजे ज्यांच्या घरी पाहुणे आले की बशा शेजारून आणाव्या लागतात अशांनी, रेकॉर्ड काढायची नसते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांनीच सांगितलं होतं, पण मी मनावर घेतलं नव्हतं.

हे पाणीखात्यात मीटर वाचायचे. आठवडाभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे उतरवायचे आणि शनिवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत ताठ उभे राहून ट्रम्पेट वाजवायचे. हे ट्रम्पेट कुठे शिकले, कुणाकडे शिकले, तो त्यांच्याकडे आला कसा, हे सांगायला लागले तर दात राहतील बाजूला. एवढंच सांगते की लग्नात माझ्यासोबत आलेल्या सामानापेक्षा यांच्यासोबत आलेला हा एक जिन्नस जास्त आवाज करणारा निघाला. सोबत आणखी तिघं असायची. पियानोबाई शाळेत गाणं शिकवायच्या आणि आमच्याकडे येऊन त्याचं प्रायश्चित्त घ्यायच्या. लिफ्टवाला इमारतीत लिफ्ट बसवायला आला होता. खोक्यांवर बोटं वाजवताना यांनी त्याला पकडलं आणि जुना ड्रमवाला गाव सोडून गेला होता त्याच्या जागी बसवलं. आणि चौथे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दंतवैद्य. ते स्वतःपेक्षा उंच असा बेस, म्हणजे उभं धरायचं तारांचं वाद्य, वाजवायचे, आणि तो आमच्याच पलंगामागे ठेवायचे, कारण त्यांच्या बायकोनं घरात एक तर बेस राहील किंवा ती, असं सांगितलं होतं.

त्या शनिवारी वाजवणं संपल्यावर हे पाणी प्यायले आणि कळवळले. डॉक्टरांनी बेस भिंतीला टेकवला, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि यांना खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. दंतवैद्य बोलायचा थांबला की समजावं.

"दंतवैद्य म्हणून सांगतो," शेवटी म्हणाले, "पुढचे चार काढायला हवेत. उद्याच. हिरड्यांत काही उरलं नाही."

"आणि बेसवाला म्हणून?" यांनी विचारलं.

डॉक्टर बेसच्या तारा पुसू लागले. "बेसवाला म्हणून मी बॅटरीच आणलेली नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रम्पेट ओठांनी वाजतो, पण ओठांना मागून टेकू लागतो तो दातांचा. पुढचे दात गेले की सूर गेला. कवळी लावून वाजवणारे असतात म्हणे, पण तेही नव्यानं शिकतात, आणि त्यांचा सूर जुना राहत नाही. हे तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. घासाघीस करून डॉक्टरांकडून सहा आठवडे मिळाले. दोन हलणारे दात त्यांनी बारीक तारेनं बाजूच्या दातांना बांधून टाकले. "शेजाऱ्यांच्या आधारानं उभे आहेत," म्हणाले, "पण शेजारीही फार भरवशाचे नाहीत."

त्या संध्याकाळी यांनी ट्रम्पेट तीनदा पुसला.  मी भाजी निवडत बसले होते. चौथ्यांदा फडकं उचललं तेव्हा मला राहवेना. मी म्हणाले, "मग रेकॉर्ड काढू या की."

हे वाक्य माझं. पुढे जे जे झालं त्यासाठी मला आजवर कुणालाही दोष देता आलेला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

चौकशी केली तेव्हा कळलं की तबकड्या छापणारा कारखाना तीनशेच्या खाली हात लावत नाही. आमच्याकडे स्कूटरसाठी साठवलेले पैसे होते. त्यात निम्मं भागत होतं. उरलेल्यासाठी मी इमारतीत घरोघर फिरले, रेकॉर्ड निघायच्या आधीच तिची किंमत गोळा करत. त्यात मला एक गोष्ट कळली. माणूस फुकट सल्ला देतो तेव्हा तो थोडा संकोचतो. पैसे भरल्यावर तो संकोच जातो. तळमजल्यावरच्या शिंप्याला एका तरी गाण्यात शब्द हवे होते. "नुसतं वाजवलं तर माणूस ऐकताना करणार काय?" समोरच्या मास्तरांचं म्हणणं, एका बाजूला जॅझ ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पाढे, म्हणजे शाळा घेतील. आणि वरच्या मावशी, ज्यांची जमीन म्हणजे आमचं छत, त्यांनी दोन रेकॉर्डचे पैसे दिले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू करतेस ना सगळं, म्हणून देतेय हो. नाहीतर दर शनिवारी तुमच्याकडून काय आवाज येतात ते मी ऐकतेच."

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

घरात माझा जीव मुठीत होता. यांच्या तोंडाशी काही टणक गेलं की मी ते काढून घ्यायची. सहा आठवडे मी यांना दूध, सूप आणि कुस्करलेली भाजी यांवर ठेवलं. पावाच्या कडा कापून काढायच्या. हे जिना उतरायला लागले की मी मागून "सावकाश" म्हणायची, शिंक यायला लागली की नाक धरायला धावायची. एकदा हे रस्त्यात ओळखीच्या माणसाला बघून मोठ्यानं हसले तर मी कोपरानं ढोसलं. त्या माणसाला वाटलं, मी तापट आहे. झोपेत हे दात खातात का हे बघायला मी कान देऊन पडून राहायची. आणि सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न, "चार आहेत ना?"

स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. शाळांचे कार्यक्रम टेप करणारा एक गृहस्थ होता, आम्ही त्याला टेपवाला म्हणायचो. तो यंत्र घेऊन घरी यायला तयार झाला. शनिवार-रविवार, दुपारी दोन ते पाच. दातांची तारीख सोमवारची ठरली. आता एवढं सगळं जुळलं, आणि इमारतीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, "कागद आणा."

"कसला कागद?"

"यंत्र लावून वाजवायचं म्हणजे परवानगीचा कागद. माझी वैयक्तिक हरकत नाही. मी तुमची रेकॉर्ड घेतलीय. पण कागद आणा."

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. कागदाशिवाय त्याला फक्त सुचायचं नाही.

घर माझ्या नावावर, तेव्हा अर्जही माझ्याच नावानं हवा होता. मी दोन दिवस बसून अर्ज लिहिला. शाळेत माझ्या निबंधांचं कौतुक व्हायचं, आणि लग्नानंतर दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांखेरीज काही लिहायचा योग आला नव्हता, त्यामुळे जरा जीव ओतला. सरकारी कचेरीतल्या खिडकीवरच्या कारकुनानं तो न वाचताच परत केला. "टाइप करून आणा. तीन प्रती. साडेबाराला खिडकी बंद."

कार्यालयाबाहेर झाडाखाली एक टंकलेखक बसायचा. डोक्यावर छत्री, समोर यंत्र, आणि कपाळावर जगाच्या अशुद्ध लेखनाबद्दलची कायमची आठी. त्याला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं. हे त्यानं मी विचारायच्या आधी सांगितलं. खटाखट तीन प्रती काढल्या. चष्मा घरी राहिलेला, बारा पंचवीस झालेले. मी विचारलं, "एकदा वाचून दाखवता का?"

"माझ्या हातचं वाचून बघावं लागत नाही," तो म्हणाला. "तुमचं लिखाण चांगलं आहे, बाई. एकच शब्द सगळीकडे चुकलेला होता, तो दुरुस्त केलाय."

मी त्याचे आभार मानले. तिन्ही प्रतींवर सह्या केल्या आणि धावत खिडकी गाठली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मला भरून आलं. "आपल्या अर्जाची या कार्यालयाने गंभीर दखल घेतली आहे. आपण नमूद केलेल्या वेळी अधिकारी प्रत्यक्ष पाहणीस येतील. तोपर्यंत धीर धरावा. आपण एकट्या नाही."

"बघा," मी यांना म्हणाले. "उगीच नावं ठेवता सरकारी कारभाराला. संगीताची केवढी कदर!"

हे पत्र दोनदा वाचून म्हणाले, "पाणीखातं असं कधी लिहीत नाही." सेक्रेटरींनी पत्रावरचा शिक्का बघितला, आणि 'गंभीर दखल' हे शब्द बघितले, आणि जिन्यात माझ्यासाठी बाजूला सरकून उभे राहिले.

शनिवारी सकाळपासून घराचा तबेला झाला. टेपवाल्याच्या मते आमच्या खोलीत फार घुमत होतं. म्हणून इमारतीतल्या आठ घरांतून गाद्या आणून भिंतींना, दाराला, खिडक्यांना बांधल्या. भिंतीवरचं घड्याळ कपड्यांच्या कपाटात कोंबलं. फ्रिज बंद केला. गळका नळ फडक्यानं आवळला. नळ आवळताना हे म्हणाले, "अठरा वर्षं लोकांचे नळ बघतोय, घरचा आज बघितला." सगळं झाल्यावर टेपवाल्यानं कान टवकारले आणि खोलीत नजर फिरवून ती माझ्यावर आणून थांबवली.

"ताई खोकतात."

हे खरं होतं. मला काळजी वाटली की खोकला येतो. आणि त्या दिवसांत मला काळजी वाटत नव्हती असं मिनिट नव्हतं. तेव्हा ठरलं की वाजवणं चालू असताना मी स्वयंपाकघरात बसायचं. पण त्या दाराची खोड अशी की नुसतं लोटलं तर करकरत आपणहून उघडायचं. आतून कडी नव्हती. म्हणून बाहेरून कडी लावायची. माझ्या कष्टांनी उभी राहत असलेली रेकॉर्ड मी अशी कोंडून घेऊन, तोंडावर उशी धरून ऐकली. माझ्या मानापमानाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

शनिवारी सहापैकी पाच तुकडे वाजवून झाले. बरे झाले. रविवारी एकच राहिला होता, आणि त्या एकासाठीच हा सगळा खटाटोप होता. तो यांनी स्वतः बांधलेला. मीटर वाचायला गेल्यावर दार कुणी उघडलं नाही की वहीत 'घर बंद' असा शेरा मारतात. दार वाजवून, थोडं थांबून, पुन्हा वाजवून मग पुढच्या घरी जायचं. अठरा वर्षांच्या बंद दारांसमोर हे जे मनात गुणगुणले होते, ते त्या तुकड्यात होतं. नावही तेच, 'घर बंद'. अगदी संथ, आणि शेवटी एक लांब सूर. तो सूर यांच्याइतका कुणी धरत नाही, असं पियानोबाई म्हणायच्या. आणि त्या उगीच काही म्हणत नसत.

पहिल्या खेपेला लिफ्टची घंटा वाजली. लिफ्टवाल्यानं कपाळाला हात लावला. "मीच बसवलीय," म्हणाला. "फार कौतुकानं मोठी घंटा निवडली होती." तो खाली जाऊन लिफ्टच बंद करून आला. दुसऱ्या खेपेला वरच्या मावशींनी पलंग सरकवला. तिसऱ्या खेपेला यांचा सूर फाटला. मी कडीमागून कान लावून होते. बाहेर डॉक्टरांचा आवाज आला, "तोंड उघडा."  मग, "तार तुटलीय. दुसराही हलतोय. रक्त येतंय, हे दाबून धरा."

टेपवाला म्हणाला, "टेप बारा मिनिटांची उरलीय."

"दातही तेवढेच उरलेत," डॉक्टर म्हणाले.

आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

पुढचं संभाषण मी बंद दाराआडून ऐकलं, त्यामुळे ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. आलेल्या एक बाई होत्या, आवाजावरून वरच्या हुद्द्याच्या. सोबत एक शिपाई. आमचे हे तोंडाला रुमाल लावूनच उत्साहानं पुढे झाले.

"या, या! आम्ही तुमची वाटच बघत होतो. पत्र मिळालं होतं."

"इथे जो जाच चालतो," बाई म्हणाल्या, "तो तुम्हीच करता?"

आता एक लक्षात घ्या. जॅझ हा शब्द आमच्या ओळखीतलं एकही माणूस सरळ म्हणत नसे. शिंपी जाज म्हणायचा, मास्तर झाज म्हणायचे, दूधवाला तर जहाज म्हणायचा. जाच हा त्यातलाच एक प्रकार असं यांना वाटलं तर त्यात यांची काय चूक?

"मी एकटा नाही हो," हे नम्रपणे म्हणाले. "हे तिघं असतात म्हणून जमतं. एकट्यानं मजा नाही."

"या बाईसुद्धा?"

"बावीस वर्षं!" पियानोबाई अभिमानानं म्हणाल्या. "मी हात दिला नाही तर यांचा काही ताल राहत नाही."

"शेजारीपाजारी काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. पण पैसे दिलेत त्यांनी."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "आणि बायकोला त्रास होत नाही?"

"सुरुवातीला व्हायचा," हे म्हणाले. "रडायचीसुद्धा. आता तिला शनिवारी झाला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"त्या कुठे आहेत?"

"आत कोंडलंय."

"का?"

"खोकते."

त्यानंतर जी शांतता पडली तशी टेपवाल्याला दोन दिवसांत एकदाही मिळाली नव्हती.

कडी निघाली. दारात काळी पर्स काखेत धरलेल्या, घामाघूम झालेल्या अधिकारीबाई. मी स्टुलावर, हातात उशी, अंधारात, कारण दिव्याच्या नळीचा गुणगुणाट नको म्हणून तोही बंद. त्यांच्या मागे गाद्यांनी मढवलेल्या भिंती आणि रक्ताचा रुमाल तोंडाला लावलेले माझे यजमान.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. मी आलेय."

"मी आपणहून बसलेय," मी म्हणाले.

"सगळ्या असंच म्हणतात."

"अहो, खरंच! ते संपलं की काढतात मला बाहेर."

शिपायानं दुःखानं मान हलवली. बाईंनी फायलीतून माझा अर्ज काढला आणि मला धीर यावा म्हणून मोठ्यानं वाचला. "'गेली बावीस वर्षे माझ्या राहत्या घरी दर शनिवारी जाच चालतो. माझे पती व त्यांचे तीन सहकारी तो मनापासून करतात. मी तो आजवर घरापुरता ठेवला. परंतु आता त्याचे ध्वनिमुद्रण करून तो जगापुढे आणावा, असे मला वाटते. हा जाच परदेशांत भर सभागृहांत चालतो व लोक तिकीट काढून बघावयास जातात. आपल्याकडे मात्र त्याची म्हणावी तशी वाढ झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. सोमवारी पतीचे पुढचे चार दात पाडण्याचे निश्चित केले असून...'" इथे त्या थांबल्या आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "ताई, तुमचं दुःख मी समजू शकते. पण हा शेवटचा मार्ग कार्यालयाला मान्य करता येणार नाही."

'पाडण्याचे' माझंच होतं. 'काढण्याचे' लिहायला हवं होतं. पण 'जॅझ'चा 'जाच' त्या शुद्धलेखनवाल्याचा.

सगळ्यात आधी लिफ्टवाल्याला उमगलं. तो ड्रमवर आडवा होऊन हसायला लागला, आणि त्यामुळे बाईंचं मत आणखी वाईट झालं. मग डॉक्टर समजावू लागले. ते दंतवैद्य आहेत आणि दात तेच काढणार आहेत, हे ऐकून बाईंनी त्यांचंही नाव लिहून घेतलं. गर्दी जमली. वरच्या मावशी जिन्यावरूनच ओरडल्या, "मी सांगत होते! शनिवार आला की पोरीच्या घरातून कुणीतरी गळा काढतं!" तो ट्रम्पेट होता. शिंपी म्हणाला, "बावीस वर्षं सोसलंत, वहिनी, आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत." सेक्रेटरी माझ्या बाजूनं होते, पण कागद त्यांच्या विरुद्ध होता. त्यांना घाम फुटला. माझ्या इज्जतीचा असा भर दुपारी पंचनामा चालला होता आणि मला फक्त एकच दिसत होतं. यांच्या हातातला रुमाल. तो अर्धा लाल झाला होता.

मी बाईंचा हात धरला. "ताई, तुम्हाला काय चौकशी करायची ती उद्या करा. मला कुठे न्यायचं तिथे न्या. पण उद्या यांचे दात जाणार आहेत. त्यांना एकदाच वाजवू द्या. नंतर कधीच नाही वाजवता येणार. ते राहिलं तर मग मात्र खरंच मला जाच होईल."

बाईंनी यांच्याकडे बघितलं. हे ट्रम्पेट छातीशी धरून उभे होते, मीटर वाचायला गेलेला माणूस दाराबाहेर उभा राहतो तसे.

"पाहणीत प्रत्यक्ष काय चालतं ते लिहावंच लागतं," त्या शेवटी म्हणाल्या. "वाजवा. ताई माझ्याशेजारी बसतील. दार उघडं राहील."

"दार उघडं ठेवलं तर घुमेल!" टेपवाला कळवळला.

"राहील," बाई म्हणाल्या.

म्हणून बावीस वर्षांत नाही, पण त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मी खोलीत बसून ऐकलं. दारात इमारत उभी होती. यांनी जिभेनं दात चाचपले. डॉक्टरांनी बेस उचलला, पण त्यांची नजर यांच्या ओठांवर होती. मला खोकला यायला लागला. मी पदराचा बोळा तोंडात धरला. अधिकारीबाईंनी ते बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला.

'घर बंद' सात मिनिटांचं आहे. त्याबद्दल मला काही लिहिता येणार नाही, अर्ज लिहिता येतो तेवढंच मला लिहिता येतं. सहाव्या मिनिटाला यांच्या हनुवटीवर रक्ताची रेघ उतरली. डॉक्टरांचा हात क्षणभर थांबलेला रेकॉर्डवर ऐकू येतो. बेसचा एक ठोका नाही. लोकांना ती हुकमत वाटते. मग तो शेवटचा सूर आला. तो किती लांबला ते मी मोजलं नाही. मी दात मोजत होते.

सूर संपला. कुणी हललं नाही. टेप फिरत होती. आणि त्या शांततेत अधिकारीबाई, पेन हातात धरून, अगदी हळू म्हणाल्या, "बरं. आणि जाच कधी सुरू होतो?"

हे वाक्य रेकॉर्डवर आहे. काढता आलं नाही, कारण ते शेवटच्या सुराच्या शेपटीवरच बसलेलं होतं. पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. यांनी ट्रम्पेट खाली घेतला तेव्हा एक दात तिथेच, त्यांच्या तळहातात पडला. यांनी तो बघितला, डॉक्टरांना दिला आणि म्हणाले, "एक तुमचं काम कमी झालं."

रेकॉर्ड निघाली. तीनशेच्या तीनशे खपल्या. त्यातल्या निम्म्या तरी लोकांनी मला नेमकं काय सोसावं लागलं ते ऐकायला घेतल्या असणार. एका परदेशी मासिकात दोन ओळी आल्या. शेवटी येणारा स्त्रीचा प्रश्न फार विचारपूर्वक योजलेला आहे, असं त्यांना वाटलं.

त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते सांगून टाकते, कारण आता सांगणारी मीच उरले आहे. टंकलेखकाकडे मी जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, "बाई, भाषेत नसलेला शब्द मी टाइप करत नाही." पुढे त्याला कुठल्याशा छापखान्यात नोकरी लागली आणि तिथे त्याला सगळे वचकून असत म्हणे. सेक्रेटरींनी आमच्या चौकशीचा निकाल, 'जाच आढळून आला नाही', इमारतीच्या फलकावर लावला. तो कागद पिवळा पडून गळून जाईपर्यंत कुणाची काढायची हिंमत झाली नाही. लिफ्टवाला उंच इमारतींच्या शहरात गेला आणि तिथे ड्रमवरच पोट भरू लागला. वरच्या मावशी नव्वदीपर्यंत जगल्या. शेवटच्या आजारात मी त्यांना भरवत होते, तेव्हाही त्यांनी माझा गाल कुरवाळून म्हटलं, "तू सांगत नाहीस. पण मला कळतं." अधिकारीबाई निवृत्त होईपर्यंत अधूनमधून शनिवारी यायच्या. पाहणी म्हणून. पियानोबाई त्यांना सोबतीला घेऊन दोघींपुरतं वाजवायला शिकवायच्या. दोघीही आता नाहीत.

डॉक्टरांनी उरलेले तीन दात सोमवारी काढले. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्यांनी पेशंटला कधी "उद्याच काढा" म्हटलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा धंदा बराच बसला.

यांनी कवळीवर वर्षभर खटपट केली. चार सूर यायला लागले. मग एके दिवशी ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि पेटी पलंगामागे, बेस होता त्या जागी सरकवली. निवृत्त होईपर्यंत मीटर वाचले. घरात रेकॉर्ड लावली की हे काही निमित्त काढून खाली जायचे. दूध आणायला, नाहीतर पेपर. 'घर बंद' यांनी आयुष्यात एकदाही पूर्ण ऐकलं नाही. यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मी ऐकते. कधीकधी सुई उचलून नेमकी त्या जागी ठेवते. शेवटच्या सुराच्या आधी, पियानो थांबतो तिथे, यांनी श्वास घेतलेला आहे. चांगला खोल. टेपवाला म्हणाला होता, हा आवाज खराब आलाय, पुसून टाकू का? मी नको म्हणाले होते. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. सूर तर सगळ्यांनीच ऐकला. हे श्वास घेतात तेवढं ऐकते आणि सुई उचलते.